बडोद्यातून अभिनेत्री व्हायचं तर: रंगमंच आधी की कॅमेरा?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी २३ वर्षांची, घर दांडिया बाजारात, घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. सूरसागर तलावासमोरच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेतून नाट्यशास्त्राची पदवी झाली आहे, काही गुजराती नाटकांत कामं केली आहेत. आता मुंबईला जायचंय. मराठी नाटक धरावं की सरळ मालिकांच्या ऑडिशन द्याव्यात? एका मराठी ऑडिशनला ‘तुझं मराठी गुजराती वाटतं’ असं तोंडावर सांगितलं गेलं. सरिता जोशींसारखी कारकीर्द आज शक्य आहे का? आणि आई म्हणते, आधी बी.एड. कर, मग काय नाचायचं ते नाच.

मी मराठी आणि गुजराती दोन्ही रंगभूमींवर कामं केली, पुढे मालिका केल्या आणि आता बडोद्यातच मुलांच्या तालमी घेते. त्यामुळे तुझ्या प्रश्नातलं बरंचसं मला बाहेरून ऐकल्यासारखं वाटत नाही.

सरिताबेनचं नाव तू बरोबर निवडलंस. पण तुझ्या डोळ्यांसमोर आहे ती ‘बा बहू और बेबी’ या हिंदी मालिकेतली गोदावरी ठक्कर, आणि तिथेच घोळ आहे. सरिता जोशींचा जन्म १९४१ चा, पुण्यातला, मराठी भोसले कुटुंबातला. वाढल्या आपल्या बडोद्यात. लहानपणीच बहिणीबरोबर, म्हणजे पद्माराणींबरोबर, गुजराती नाटकात आल्या. ती मालिका सुरू झाली २००५ साली. वजाबाकी कर. देशभरच्या घराघरांत त्यांचा चेहरा पोचला तेव्हा त्या ६४ वर्षांच्या होत्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना त्याआधी कितीतरी, १९८८ मध्ये, गुजराती रंगभूमीवरच्या अभिनयासाठी मिळालेला होता. पद्मश्री आली २०२० मध्ये. पती प्रवीण जोशी हे गुजराती रंगभूमीचे मोठे दिग्दर्शक. ते १९७९ मध्ये गेले. त्यानंतरही ही बाई थांबली नाही. म्हणजे ज्या कारकिर्दीकडे तू ‘नाटकातून टीव्हीवर गेल्या’ म्हणून बघतेस, तिच्यात टीव्ही हा उत्तरार्धातला एक भाग आहे. पाया, भिंती, छप्पर सगळं रंगमंचाचं.

तेव्हा ‘नाटक ही पहिली पायरी आणि पडदा हा वरचा मजला’ हे डोक्यातून काढून टाक. बाईच्या कारकिर्दीत तरी ते खरं नाही. पडदा अभिनेत्रीला हंगामी बोलावतो आणि बहुतेक वेळा तिच्या वयाकडे बघून बोलावतो. रंगमंच तिला मधल्या वर्षांत उभी ठेवतो. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हेच सांगते आणि त्यातल्या निम्म्या जणी ‘हो ताई’ म्हणून पहिल्या मालिकेबरोबर विसरतात.

आता तुझ्या मराठीचं. ऑडिशन घेणाऱ्यानं उद्धटपणे सांगितलं असेल, पण खोटं सांगितलं नाही. आपल्या बडोद्याच्या मुलांचा दोष बहुतेक वेळा शब्दांचा नसतोच, उच्चाराचा असतो. गुजराती शाळेत गेलेल्या मुलीच्या तोंडी ‘चांगला’, ‘जरा’, ‘झाड’ यांतले च, ज, झ टाळूला लागतात. पुणे-मुंबईच्या कानाला ते दातांमागून यायला हवे असतात. ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ यांतला च एकसारखा नाही हे आपल्याला कुणी शाळेत शिकवत नाही, कारण गुजरातीत तो फरकच नाही. दुसरी गोष्ट वाक्याच्या शेवटी चढणारा हेल. तो आपल्याला ऐकूच येत नाही, आपण त्यातच वाढलो. उपाय कंटाळवाणा आहे. रोज मराठी वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचायचा, फोनवर ध्वनिमुद्रित करायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचा, त्याच दिवशी नाही. च, ज, झ आलेले शब्द पेन्सिलीनं आधी खुणून ठेवायचे. तीन-चार महिन्यांत फरक पडतो. नाट्यगीतं येत असतील तर गा, पण गाण्यातला उच्चार बोलण्यात आपोआप उतरत नाही, म्हणून त्यावर विसंबू नकोस.

मात्र गुजराती हेल पुसून टाकायच्या मागे लागू नकोस. तो नळासारखा हवा, हवा तेव्हा सोडता आला पाहिजे आणि हवा तेव्हा बंद करता आला पाहिजे. हिंदी मालिकांत गुजराती घरं भरपूर असतात आणि तिथे मुंबईच्या मुली ‘केम छो’च्या पलीकडे गेल्या की अडखळतात. मराठी पात्रंही असतात, तिथे दिल्लीच्या मुली अडखळतात. तू दोन्हीकडे बिनधास्त उभी राहू शकतेस. सरिताबेननी गुजराती रंगभूमीवर ‘संतु रंगीली’ गाजवलं. बर्नार्ड शॉच्या ज्या नाटकावरून ते आलं, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं आणि मराठीत ते भक्ती बर्व्यांनी गाजवलं. दोन्ही नाटकांचा विषय काय? रस्त्यावरच्या पोरीची बोली बदलणं. एका मराठी घरातल्या, बडोद्यात वाढलेल्या मुलीनं ते काम गुजरातीत केलं, आणि तेही असं की गुजराती प्रेक्षकानं तिला आपली मानलं. तुझ्या ‘गुजराती वाटणाऱ्या’ मराठीची लाज वाटली तर हे आठव.

पुढे नादिरा बब्बर यांनी लिहून दिग्दर्शित केलेल्या ‘सकुबाई’ या हिंदी नाटकात सरिताबेन एकट्या उभ्या राहिल्या. पात्र मुंबईत घरकाम करणाऱ्या मराठी बाईचं. गुजराती रंगभूमीची नायिका, हिंदी नाटक, मराठी बाई. एकपात्री प्रयोगात लपायला जागा नसते. आपण चुकलो तर सावरून घ्यायला समोर नट नाही, कुणी पाणी आणून देत नाही, आणि आवाज बसला तर प्रयोग बसला. उतारवयाकडे झुकताना असं काम पेलतं ते आयुष्यभराच्या पाठांतर-श्वास-आवाजाच्या शिस्तीवर. आयत्या वेळी ते जमवता येत नाही.

आता पोटापाण्याचं बोलू, कारण पदवीच्या तीन-चार वर्षांत तुला हे कुणी सांगितलं नसणार. मराठी व्यावसायिक नाटकात पैसे प्रयोगावर मिळतात, त्याला ‘नाईट’ म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर काही नाही. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना: दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, पुण्याचं बालगंधर्व आणि मग दौरे. रविवारी दुपारी एका गावात आणि रात्री दुसऱ्या गावात असंही होतं. मध्ये बसमध्येच झोप आणि बसमध्येच जेवण. तालमींचे पैसे मिळतात का, किती मिळतात हे पहिल्या वाचनाआधी विचारायचं. विचारताना लाजायचं नाही. लाजणाऱ्या मुलीला ‘बघू’ हे उत्तर मिळतं आणि ‘बघू’ची नाईट कधी हातात येत नाही.

गुजराती नाटकाचं गणित वेगळं आहे. मुंबईत तिकीटखिडकीइतकाच किंवा त्याहून जास्त आधार सोशल ग्रुपांचा असतो. महिला मंडळ, ज्ञातीमंडळ किंवा एखादा ग्रुप पूर्ण प्रयोग विकत घेतो. म्हणून तिथे कौटुंबिक विनोदी नाटकांकडे कल राहतो. पण एकदा नाटक चाललं की प्रयोगांची रांग लागते आणि परदेश दौरेही येतात. गंमत म्हणजे गुजराती रंगभूमीनं मराठी नाटकं भरपूर उचलली आहेत. अशोक पाटोळ्यांचं ‘आई रिटायर होतेय’ मराठीत भक्ती बर्व्यांचं, तर गुजरातीत ‘बा रिटायर थाय छे’ पद्माराणींचं. म्हणजे पुन्हा बडोद्यातच वाढलेली मराठी मुलगी. तुला मूळ संहिता मराठीत वाचता येते आणि गुजराती प्रेक्षक कुठे हसेल हे आतून कळतं. गुजराती निर्मात्यासमोर बसशील तेव्हा हे सांगायला विसरू नकोस, कारण त्यांना अशी नटी हवी असते आणि ती सहसा मिळत नाही.

मराठी व्यावसायिक नाटकात शिरायची सगळ्यात जवळची वाट म्हणजे रिप्लेसमेंट. चालू नाटकातली नटी मालिकेत अडकते, बाळंतपणाला जाते, कधी नुसतीच भांडून निघून जाते आणि निर्मात्याला आठवड्याभरात दुसरी लागते. नवीन मुली याला नाक मुरडतात, ‘दुसरीचा रोल’ म्हणतात. मला हे पटत नाही. चार-पाच तालमींत उभं राहता येणं, सहकलाकारांच्या बसलेल्या टायमिंगमध्ये स्वतःला घालणं आणि तरीही आधीच्या नटीची नक्कल न करणं, याहून मोठी परीक्षा नाही. शिवाय त्या नाटकाचे प्रयोग चालू असतात, म्हणजे नाईट चालू असते. म्हणून चालू नाटकं तिकीट काढून बघ, विंगेत ओळख काढ आणि ‘रिप्लेसमेंट लागली तर सांगा, पाठांतर पक्कं आहे’ असं स्वच्छ सांगून ठेव. मुंबईत लोकांना ‘मी अभिनेत्री आहे’पेक्षा ‘पाठांतर पक्कं आहे’ हे जास्त लक्षात राहतं.

मालिकेचं गणित दिवसावर चालतं. दिवसाचा दर ठरतो, महिन्याला किमान किती दिवस काम देणार हे करारात असतं, शिफ्ट साधारण बारा तासांची. पैसे महिन्याच्या अखेरीस येत नाहीत, नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे जूनमध्ये काम सुरू केलंस तर गणपती उलटून गेल्यावर पहिला चेक. तोवर भाडं, रिक्षा, कपडे, जेवण सगळं घरच्या पैशांवर. कित्येक मुली चांगलं काम करत असताना याच तीन महिन्यांत परत येतात. मुंबईला जाताना निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असला पाहिजे, आणि तो वडिलांकडून उसना घेतला असेल तर तसं आधी ठरलेलं असू दे. माझेही पैसे एका निर्मात्याकडे वर्षभर अडकले होते. मिळाले ते करार लेखी होता आणि प्रत्येक दिवसाच्या कॉलशीटचे, म्हणजे कुणी किती वाजता हजर व्हायचं त्या कागदाचे, फोटो माझ्याकडे होते म्हणून. कॉलशीटचा फोटो काढायची सवय पहिल्याच दिवशी लाव.

करारातलं एकच कलम तुझ्यासाठी खास महत्त्वाचं, तारखांचं. मालिका सुरू असताना नाटकाच्या प्रयोगांना सोडणार की नाही, महिन्यात कोणते दिवस, किती वाजता सोडणार, हे लिहून घे. तोंडी ‘अरे सोडू की’ म्हणणाऱ्यांकडे शनिवारी दुपारी नेमका लग्नाचा सीक्वेन्स निघतो. बऱ्याच मराठी मालिका आता मुंबईबाहेर, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडे चित्रित होतात. मग शिवाजी मंदिरच्या प्रयोगाला पोचणं म्हणजे चार ते आठ तासांचा प्रवास. नाटक ठेवायचं असेल तर मालिका कुठे चित्रित होणार हा पहिला प्रश्न, भूमिका काय हा दुसरा. उलटं विचारणाऱ्या मुलींचं नाटक पहिल्या सहा महिन्यांत सुटतं.

आता अभिनयाचंच. ‘नाटकवाले ओव्हर करतात’ हे वाक्य तुला सेटवर ऐकायला मिळेल. कधी खरं असतं, कधी दिग्दर्शकाला वेळ नसतो म्हणून बोललेलं असतं. खरा फरक आवाजाच्या उंचीत नाही. रंगमंचावर तू भावना पूर्ण प्रयोगभर चढवत नेतेस आणि प्रेक्षक तुझ्याबरोबर चढतो. कॅमेऱ्यासमोर तोच प्रसंग आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, मग समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोजअपमध्ये होतो. आणि कप कोणत्या शब्दावर उचललास, पदर कोणत्या हातात होता, हे दर वेळी तसंच्या तसं हवं. मास्टरमध्येच सगळं रडून घेतलं की क्लोजअपला डोळे कोरडे पडतात. नाटकवाल्या मुली इथेच फसतात. उपाय तुझ्या तालमीतच आहे: हालचाल वाक्यातल्या नेमक्या शब्दाला बांधायची सवय. चांगल्या दिग्दर्शकाच्या तालमीत ती लागतेच. सेटवर फक्त ती अर्ध्या तासात लागावी लागते, कारण सीनचे कागद कधीकधी मेकअप चालू असताना हातात येतात.

या दोन माध्यमांमधून एकच भूमिका कशी नेतात ते बघायचं असेल तर विजया मेहतांचं काम अभ्यास. त्याही जन्मानं आपल्या बडोद्याच्याच, १९३४ च्या. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’ या नाटकाचं दिग्दर्शन त्यांनी केलं आणि मावशीची भूमिकाही. त्यावरून त्यांनीच ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला, पुन्हा मावशी त्याच, आणि सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्या भूमिकेला मिळाला. तेच घर, तीच विधवा बाई. रंगमंचावर ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी लागते, पडद्यावर कॅमेरा तिच्यापर्यंत येतो. चित्रपट शोधून बघ, पण एका बैठकीत नको. मावशी कुणाकडे बघत नाही ते प्रसंग वेगळे काढ. कॅमेऱ्यासाठी शिकण्यासारखं बरंच तिथे आहे.

वयाबद्दल तू काही विचारलं नाहीस. २३ व्या वर्षी कोण विचारतं! पण मी सांगणार. आपल्या पडद्यावर बाईला नायिकेपासून आईपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. रोहिणी हट्टंगडींनी ‘गांधी’मध्ये कस्तुरबा तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत उभी केली आणि बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवला. लगोलग १९८४ च्या ‘सारांश’मध्ये म्हातारी आई केली, आणि १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये अमिताभ बच्चनची आई, स्वतः त्याच्याहून वयानं लहान असताना. त्यांच्या ताकदीची बाई होती म्हणून हे कौतुक झालं. साध्या नटीच्या बाबतीत याला ‘कामं बंद झाली’ म्हणतात. पस्तिशी ते पन्नाशी ही वर्षं सगळ्यात कठीण. नायिकेसाठी मोठी, सासूसाठी लहान. या पट्ट्यात नाटक हात धरतं, कारण रंगमंचावर पस्तिशीची बाई दहा फुटांवरून कशी दिसते यापेक्षा ती वाक्य कसं टाकते याला किंमत आहे. म्हणून आज मालिका मिळाली तरी वर्षाला निदान एक नाटक, प्रायोगिक का असेना, सोडू नकोस.

आणि गुजराती चित्रपटाकडे तुच्छतेनं बघू नकोस. तुझ्या प्रश्नात त्याचा साधा उल्लेखही नाही. ‘हेल्लारो’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याच वेळी त्यातल्या तेरा अभिनेत्रींना मिळून परीक्षकांचा विशेष पुरस्कार. बायकांच्या एका अख्ख्या समूहाला एकत्र दाद मिळणं आपल्याकडे विरळा. त्यांतल्या बऱ्याच मुली नाटकातूनच आलेल्या. अहमदाबाद आपल्यापासून दोन तासांवर आहे आणि तिथल्या ऑडिशनला जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येता येतं. मुंबईत बस्तान बसेपर्यंत हा दरवाजा उघडा ठेवायला काय हरकत आहे?

बाकी व्यवहाराचं पटकन. ऑडिशनसाठी कुणी नोंदणीचे, फोटोचे, वर्कशॉपचे पैसे मागितले की उठून यायचं. पैसे ते देतात, आपण नाही. घरून व्हिडिओ पाठवताना साधी भिंत, खिडकीचा उजेड समोरून, कंबरेपासून वर, आधी नाव-वय-उंची-गाव, मग दोन्ही बाजूंनी चेहरा, मग प्रसंग. मेकअप नको. भेटीची जागा ऑफिस किंवा सेट, हॉटेलची खोली नाही, आणि ही अट कुणाहीसाठी, कितीही मोठं नाव असलं तरी, मोडायची नाही. निर्मितीसंस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती आहे का हे विचारायचा तुला कायद्यानं अधिकार आहे. कामं सुरू झाली की सिंटाचं, म्हणजे सिनेमा-टीव्हीच्या कलाकारांच्या संघटनेचं, सभासदत्व घे. थकलेल्या पैशांसाठी एकटीनं फोन करण्यापेक्षा संघटनेचं पत्र लवकर काम करतं.

राहता राहिली आईची बी.एड. मी आईच्या बाजूनं आहे, पण तिच्या कारणासाठी नाही. ‘नाटक नाही जमलं तर शिक्षिका’ असं म्हणून केलेला अभ्यास मनात सल ठेवतो. नाट्यपदवीवर बी.एड. असेल तर शाळांत नाट्यशिक्षणाचं काम मिळू शकतं, आणि पस्तिशी-पन्नाशीच्या त्या पट्ट्यात आठवड्याचे दिवस भरून शनिवार-रविवार प्रयोगाला मोकळा राहतो. पण आत्ताच दोन वर्षं बडोद्यात बसलीस तर तेविशीची पंचविशी होईल आणि ऑडिशनच्या यादीत तेवढाही फरक पडतो. तेव्हा आईला सांग की आधी दोन वर्षं मुंबई, बी.एड. त्यानंतर. प्रवेशाला पदवीतले गुण लागतात आणि ते तर तुझे कुठे जात नाहीत. आई ऐकली नाही तर तिला एखाद्या रविवारी बडोद्याच्या गांधी नगरगृह नाट्यगृहात तालमीला घेऊन ये, मी बोलते तिच्याशी. येताना एक मराठी आणि एक गुजराती स्वगत पाठ करून आण, प्रत्येकी तीन मिनिटांचं. च, ज, झ मी ऐकणार आहे.